घर माणसाला आजारी पाडू शकतं का?

‘नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यापासून घरात सारखं कुणीतरी खोकतंय.’ ‘त्या खोलीत गेलं की जीव घुसमटतो.’ ‘आमच्या जुन्या घरात भर उन्हाळ्यातही गार वाटायचं.’ अशा तक्रारी आपण नेहमी ऐकतो, आणि त्यांवर दोन उत्तरं ठरलेली असतात. कुणी वास्तुदोष सांगतं आणि दार पूर्वेकडे फिरवायला लावतं. कुणी म्हणतं, हे सगळे मनाचे खेळ.

गेल्या काही दशकांत तिसरं उत्तरही तयार झालं आहे. डॉक्टर, स्थापत्यकार, हवामानतज्ज्ञ आणि पक्षी-अभ्यासक यांनी इमारतींचा माणसावर आणि निसर्गावर काय परिणाम होतो, हे प्रत्यक्ष मोजून पाहिलं आहे. त्या मोजमापांतली काही महत्त्वाची या प्रकरणात क्रमाने समजून घेऊ.

१. दोष भिंतीचा की परिस्थितीचा?

आधी या अभ्यासातली मुख्य अडचण पाहू. अंधाऱ्या, कोंदट घरात राहणारी माणसं जास्त आजारी पडतात, असं दिसलं तरी त्यावरून घर दोषी ठरत नाही. अशा घरात राहणारा माणूस बहुधा गरीब असतो. त्याचं जेवण अपुरं असतं, काम कष्टाचं असतं आणि उपचार उशिरा मिळतात. मग आजार नेमका कशामुळे आला?

शेतकऱ्याला बियाण्याचे दोन वाण तपासायचे असतील, तर तो एकाच शेतात शेजारी-शेजारी दोन वाफे करतो. माती तीच, पाणी तेवढंच, खत तेवढंच. फक्त बियाणं वेगळं. मग पिकात फरक पडला तर तो बियाण्याचा. इमारतींचे अभ्यासकही असेच ‘दोन वाफे’ शोधतात. माणसं सारखी, उत्पन्न सारखं, आजार सारखा आणि फरक फक्त भिंतीचा किंवा खिडकीचा, अशी जागा सापडली की निष्कर्षाला वजन येतं. पुढचे अभ्यास वाचताना ही कसोटी लक्षात ठेवा.

२. खिडकीबाहेरचं झाड

असे दोन वाफे रॉजर उलरिक या संशोधकाला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात सापडले. तिथे एकाच प्रकारच्या खोल्यांची रांग होती. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, तर काहींतून समोरची विटांची भिंत. रुग्णाला कोणती खोली मिळेल, हे कोणती रिकामी आहे त्यावर ठरत असे.

उलरिकने १९७२ ते १९८१ या काळातल्या, पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी काढल्या. वय, स्त्री की पुरुष, धूम्रपान, वजन अशा बाबतींत जुळणाऱ्या रुग्णांच्या त्याने २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतला एक जण झाडासमोरचा आणि दुसरा भिंतीसमोरचा होता. १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. झाडासमोरचे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर सरासरी ७.९६ दिवस रुग्णालयात राहिले, तर भिंतीसमोरचे ८.७० दिवस. ‘रुग्ण अस्वस्थ आहे, धीर द्यावा लागतो’ अशा अर्थाच्या परिचारिकांच्या नोंदी भिंतीसमोरच्या प्रत्येक रुग्णामागे सरासरी चार होत्या, झाडासमोरच्या रुग्णामागे साधारण एक. तीव्र वेदनाशामक औषधंही झाडासमोरच्या रुग्णांना कमी लागली.

फरक ०.७४ दिवसाचा, म्हणजे सुमारे अठरा तासांचा आहे. एका रुग्णाच्या दृष्टीने तो किरकोळ वाटेल. पण अशा शंभर रुग्णांचा हिशेब केला तर ७४ दिवसांइतकी खाट मोकळी होते. त्यासाठी कोणतंही नवं औषध किंवा यंत्र लागलं नाही.

या अभ्यासाची मर्यादाही ओळखायला हवी. रुग्ण फक्त ४६ होते आणि रुग्णालय एकच. तरीही खिडकीबाहेर काय दिसतं याचा बरं होण्याशी संबंध असू शकतो, हे या अभ्यासाने आकड्यांत मांडलं. पुढे रुग्णालयांच्या रचनेवर जगभर जे संशोधन झालं, त्यात याचा उल्लेख पुन्हा पुन्हा येतो.

३. खोलीतली हवा तासाला किती वेळा बदलते?

दृश्यानंतर हवेकडे वळू. त्यासाठी एक साधी कल्पना समजून घ्यायला हवी, ती म्हणजे ‘हवाबदल’.

दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात १००० घनफूट हवा मावते. तासाभरात बाहेरून १००० घनफूट ताजी हवा आत आली आणि तेवढीच आतली बाहेर गेली, तर हवाबदल तासाला एक. सहा हजार घनफूट आली तर हवाबदल सहा.

याचा आजाराशी काय संबंध? क्षयरोगाचा रुग्ण खोकतो, बोलतो, तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत सुटतात आणि तासन्‌तास तरंगत राहतात. हवाबदल एकावरून सहावर गेला, तर खोलीतलं या कणांचं प्रमाण ढोबळमानाने एक षष्ठांशावर येतं. त्याच खोलीत झोपणाऱ्या मुलाच्या श्वासात जाणारे जंतूही तेवढेच कमी होतात.

पेरू देशाची राजधानी लिमा इथे हे मोजलं गेलं. संशोधकांनी तिथल्या आठ रुग्णालयांत नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या ७० खोल्या तपासल्या. खोलीत कार्बन डायऑक्साइड सोडायचा आणि खिडक्या-दारं उघडल्यावर तो किती वेगाने निघून जातो ते पाहायचं, ही त्यांची पद्धत. २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उंच छत आणि मोठ्या खिडक्या असलेल्या पन्नासहून अधिक वर्षं जुन्या वास्तूंत तासाला सुमारे ४० हवाबदल होत होते. बुटक्या छताच्या, लहान खिडक्यांच्या नव्या वास्तूंत १७. यंत्राने हवा खेळवणाऱ्या खोल्यांत १२.

याच आकड्यांवरून त्यांनी संसर्गाचा हिशेब मांडला. उपचार सुरू नसलेल्या क्षयरुग्णाजवळ निरोगी माणसं चोवीस तास राहिली, तर यंत्राच्या हवेच्या खोलीत शंभरातल्या ३९ जणांना संसर्ग होईल, नव्या पद्धतीच्या खोलीत ३३ जणांना आणि जुन्या उंच खोलीत ११ जणांना.

हवा खेळायची तर तिला आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. एकाच भिंतीला मोठी खिडकी असण्यापेक्षा समोरासमोरच्या भिंतींत दोन मध्यम खिडक्या जास्त काम करतात. कोकणातल्या घरांत पुढचं दार, माजघर आणि मागचं दार एका रेषेत असलं की वारा आरपार जातो, तो याच नियमाने.

४. मुंबईच्या प्लेगनं दिलेला कोन

पण खिडकी असूनही हवा आणि उजेड येत नसेल तर? तेव्हा आपल्या भिंतीपलीकडे, समोरच्या इमारतीकडे पाहावं लागतं. मुंबईनं हा धडा सव्वाशे वर्षांपूर्वी गिरवला होता.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचे रुग्ण आढळले. मूळचे गोव्याचे डॉ. आकासियो व्हिएगश यांनी हे निदान सर्वप्रथम केलं. साथीनं शहर हादरलं आणि १८९८ मध्ये सरकारने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन केला. दाट वस्त्यांत समुद्राचा वारा शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले गेले. पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या.

ट्रस्टच्या कामात एक नियम महत्त्वाचा होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं आणि या नियमाचा आग्रह धरला. नियम समजायला सोपा आहे. आपल्या इमारतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेषा ओढा. ही रेषा जमिनीशी ६३.५ अंशांहून मोठा कोन करता कामा नये. भूमितीच्या हिशेबाने याचा अर्थ असा, की समोरच्या इमारतीची उंची मधल्या अंतराच्या दुपटीहून जास्त नको. मध्ये १२ मीटर जागा असेल तर समोर २४ मीटर उंचीपर्यंत बांधा, त्याहून उंच नको. असं केलं तर तळमजल्याच्या खोलीलाही आकाशाचा तुकडा मिळतो.

इतिहास इथे दोन गोष्टी शिकवतो. पहिली ही, की कोंदट हवा हे प्लेगचं कारण आहे असं तेव्हा अनेकांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. म्हणजे प्लेगवरचा उपाय म्हणून उजेड-हवेचा नियम चुकीच्या समजुतीवर उभा होता. मात्र हवेतून पसरणाऱ्या क्षयरोगाच्या बाबतीत तोच नियम अचूक लागू पडतो. क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनीच सूर्यप्रकाशाने हा जंतू मरतो, असं नोंदवलं आहे. दुसरी गोष्ट दुःखाची आहे. हवेशीर शहर घडवताना ट्रस्टने गरिबांची जेवढी घरं पाडली, तेवढी पुन्हा बांधली नाहीत. हटवलेली माणसं शेजारच्या गल्ल्यांत आणखी दाटीवाटीने राहू लागली. उजेड मिळाला, पण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्यापैकी अनेकांना तो मिळाला नाही.

५. गोवंडीच्या इमारती

आता शंभर वर्षं पुढे येऊ. मुंबईच्या एम-पूर्व प्रभागात, गोवंडी-मानखुर्द परिसरात, रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या कुटुंबांना नव्या इमारतींत घरं दिली गेली. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या त्यांपैकी दोन वसाहती. पक्क्या भिंती, नळ आणि स्वतंत्र संडास असलेलं २२५ चौरस फुटांचं घर मिळालं. झोपडीच्या मानाने हे नक्कीच मोठं पाऊल होतं. पण पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत दिली गेली आणि काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर जागा उरली.

‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचे डॉक्टर आणि मुंबईच्या आयआयटीतले संशोधक यांनी या वसाहतींचा एकत्र अभ्यास केला. २०१८ मध्ये तो चर्चेत आला. तुलनेसाठी त्यांनी शेजारचीच पीएमजी कॉलनी घेतली. तिथेही पुनर्वसित कुटुंबंच राहतात, पण इमारतींमधलं अंतर जास्त आहे. घरोघरी जाऊन क्षयरोगाची माहिती गोळा केली गेली. खोल्यांत उजेड किती पोचतो, हवा किती फिरते आणि खिडकीतून आकाशाचा किती भाग दिसतो, याचा हिशेब संगणकावर मांडला गेला. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये क्षयाची लागण शंभरात आठ ते दहा जणांपर्यंत आढळली, तर पीएमजी कॉलनीत शंभरात एकाच्या आसपास. उजेड आणि हवा सर्वांत कमी होती ती खालच्या मजल्यांवर.

ट्रस्टचा नियम इथे लावून पाहू. सात मजल्यांची इमारत साधारण २१ मीटर उंच धरली, तर नियमाप्रमाणे समोर साडेदहा मीटर मोकळी जागा हवी. प्रत्यक्षात ती तीन मीटर असेल, तर उंची अंतराच्या सातपट होते आणि कोन ८० अंशांच्या पुढे जातो. खालच्या मजल्यावर दुपारीही दिवा लावावा लागतो. त्या चिंचोळ्या जागेत कचरा साठतो, दुर्गंधी आणि डास येतात, म्हणून लोक खिडक्या बंद ठेवतात. म्हणजे होती तेवढी हवाही थांबते. अशा घरात पाच माणसं राहिली तर माणशी ४५ चौरस फूट जागा येते आणि एकाच्या खोकल्यातले जंतू बाकीच्या चौघांच्या श्वासात जातात.

क्षयरोगाला कुपोषण, गर्दी, उशिरा सुरू झालेले उपचार अशी इतरही कारणं आहेत, आणि या अभ्यासाने ती नाकारलेली नाहीत. पण सारख्या परिस्थितीतून आलेल्या माणसांच्या शेजारच्या वसाहतींत एवढा फरक दिसावा, ही गोष्ट गंभीर आहे. गोळ्या आणि पोषक आहार जितके आवश्यक, तितकाच आवश्यक उपचार नकाशावर, इमारत उभी राहण्याआधी, करता येतो. नंतर तो जवळपास अशक्य होतो, कारण उभ्या इमारती मागे सरकवता येत नाहीत.

६. रात्रीही न उतरणारा उकाडा

हीच मोकळी जागा उन्हाळ्याच्या रात्रीही कामाला येते. काँक्रीट, विटा आणि डांबर दिवसभर ऊन शोषून घेतात. रात्री ही साठलेली उष्णता बाहेर पडते, पण ती निघून जायला उघडं आकाश समोर हवं. समोर दुसरी तापलेली भिंत असेल, तर दोन्ही भिंती एकमेकींना उष्णता देत-घेत राहतात. कॅनडातले हवामानशास्त्रज्ञ टिमोथी ओक यांनी १९८१ मध्ये दाखवलं, की रस्त्याच्या रुंदीच्या मानाने इमारती जितक्या उंच आणि आकाश जितकं कमी दिसेल, तितकं शहर रात्री आसपासच्या खेड्यांपेक्षा जास्त गरम राहतं.

मग प्रत्येक घरात एसी लावायचा का? यावर भारतातच झालेलं एक मोठं संशोधन वाचण्यासारखं आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पुढाकाराने अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या १६ कार्यालयांत काम करणाऱ्यांना ‘आत्ता तुम्हाला कसं वाटतंय?’ असं विचारलं गेलं. त्याच वेळी तिथलं तापमानही मोजलं. सहा हजारांहून अधिक उत्तरं जमली. उघड्या खिडक्यांच्या इमारतींत बाहेरचं सरासरी तापमान एक अंशाने वाढलं, की माणसाला आरामदायी वाटणारं आतलं तापमानही सुमारे अर्ध्या अंशाने वाढतं, असं दिसलं. उन्हाळ्यात २८ अंशांच्या आसपासही लोक समाधानी होते.

याचा अर्थ भारतीय माणसाला घरात २० अंशांचा गारठा लागत नाही. त्याला सावली, वारा, पंखा आणि ऊन परतवणारं छप्पर लागतं. हे नसेल तेव्हा एसी अटळ होतो. तो आतली उष्णता बाहेर गल्लीत टाकतो आणि ज्याच्याकडे एसी नाही, त्या शेजाऱ्याची खोली आणखी तापते. भारतात १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंग असलेले एसी सुरू होताना मुळातच २४ अंशांवर असावेत, असा नियम झाला आहे. तो चांगलाच आहे, पण इमारतीची रचना सुधारली तर एसी चालू करण्याचे दिवसच कमी होतील.

७. काचेवर आदळणारे पक्षी

इमारतीचा परिणाम आत राहणाऱ्यांपुरता थांबत नाही. पक्ष्याला काच दिसत नाही. त्याला काचेत दिसतं समोरच्या झाडाचं आणि आकाशाचं प्रतिबिंब, आणि तो वेगाने तिकडे झेपावतो. अमेरिकेत दरवर्षी इमारतींवर आदळून ३६ कोटी ते ९९ कोटी पक्षी मरतात, असा अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला. स्थलांतर करणारे बरेच पक्षी रात्री उडतात, आणि उंच इमारतींतले दिवे त्यांना मार्गावरून खाली खेचतात.

शिकागोतल्या तलावाकाठच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन-केंद्राच्या भिंती काचेच्या आहेत. शिकागोच्याच फील्ड म्युझियममधले डेव्हिड विलार्ड १९७८ पासून या केंद्रापाशी मरून पडलेले पक्षी उचलून नोंदवत होते. या नोंदींमुळेच संशोधकांना मोठा पुरावा मिळाला. उजळलेल्या खिडक्या आजवर नोंदलेल्या किमान पातळीवर आणल्या तर इथले मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी घटू शकतात, असा हिशेब २०२१ मध्ये मांडला गेला. तरीही ५ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे या एका इमारतीपाशी सुमारे एक हजार मेलेले पक्षी सापडले. त्यानंतर, २०२४ मध्ये, सगळ्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली गेली. त्या वर्षीच्या शरदातल्या स्थलांतरात मृत्यू जवळपास ९५ टक्क्यांनी घटले. काच तीच राहिली. ठिपक्यांमुळे पक्ष्याला एवढंच कळलं की इथून वाट नाही.

पुण्या-मुंबईतही काचेच्या दर्शनी भिंती झपाट्याने वाढत आहेत. आपल्या उन्हात त्या खोल्या तापवतात, एसीचं बिल वाढवतात आणि पक्ष्यांनाही मारतात. थंड देशांत ऊन आत घेण्यासाठी उपयोगी पडणारी रचना इथे तशीच उभी करण्याला विज्ञानाचा आधार नाही.

८. घर घेताना, घर बांधताना

या सगळ्यातून घरापुरतं काय घेता येईल?

घर पाहायला दुपारी बारा वाजता जा आणि दिवे बंद करायला सांगा. खोलीत वर्तमानपत्र वाचता येत नसेल, तर तो उजेड पुढेही वाढणार नाही. प्रत्येक खोलीत हवेला यायची आणि जायची अशा दोन वाटा आहेत का ते पाहा. बाल्कनी बंद करून खोली वाढवण्याआधी त्यामागच्या खोलीची हवा कुठून येईल, याचा विचार करा. घरात खोकल्याचा रुग्ण असेल तर थंडीतही दिवसातून काही वेळ समोरासमोरच्या खिडक्या उघडा. मोठ्या काचा असतील तर बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या लावा, आणि रात्री गरज नसलेले दिवे मालवा.

पण सर्वांत मोठे निर्णय एकट्या कुटुंबाच्या हातात नसतात. ते होतात विकास आराखड्यात, नियमांतल्या सवलतीत आणि सोसायटीच्या सभेत. आज मुंबई, ठाणे आणि पुण्यात हजारो जुन्या इमारती पाडून उंच इमारती उभ्या राहत आहेत. त्या पुढची पन्नास वर्षं तशाच राहतील आणि त्यांच्या खालच्या मजल्यांवर मुलं वाढतील. पुनर्विकासाच्या सभेत जादा चौरस फूट किती मिळणार, हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही आणखी एक विचारा: समोरची इमारत किती उंच असेल आणि किती दूर? उत्तर नकाशासह लेखी घ्या आणि उंचीला अंतराने भागून पाहा. दोनपेक्षा मोठा आकडा आला, तर सही करण्याआधी थांबा आणि शेजाऱ्यांनाही थांबवा.